भरती-ओहोटीच्या मधली वाट

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ‘भरती’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती पोलीस भरती. पहाटे पाच वाजता मैदानावर धावणारी पोरं, त्यांच्या हातातली स्टॉपवॉच आणि मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर वाट पाहत बसलेले त्यांचे बाप. माझा एक भाचाही त्यांच्यातलाच. तीन वर्षं तो भरतीची तयारी करत होता. समुद्राच्या भरतीशी मात्र त्याचा काही संबंध नव्हता, आणि माझाही नव्हता. आमच्या अंगणात पडलेला पाऊस पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा कितीतरी मुक्काम करत बंगालच्या उपसागराला जातो. आपण काही त्याच्यासोबत जात नाही. मुंबईची वर्तमानपत्रं रोज भरतीची वेळ छापतात. आपल्याकडची वर्तमानपत्रं कापसाचे भाव छापतात. ज्याचं ज्याच्यावर पोट, त्याची त्याला खबर.

दोन-तीन वर्षांपूर्वी महाडला एका कविसंमेलनाचं निमंत्रण आलं. एवढ्या लांब एकट्यानं जायला घरचे तयार नव्हते, म्हणून भाच्याला सोबत घेतलं. तो म्हणाला, “मामू, येतो मी, पण समुद्र दाखवाल तर.” महाडहून समुद्र काही फार दूर नाही. महाड सावित्री नदीच्या काठावर आहे, आणि सावित्री जिथं समुद्राला मिळते तिथं हरिहरेश्वर आहे. कविता वाचून झाल्या, नारळ-शाल झाली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं म्हसळा, श्रीवर्धन करत संध्याकाळी हरिहरेश्वरला उतरलो.

हरिहरेश्वर म्हणजे रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातलं एक छोटं गाव. त्याला दक्षिण काशी म्हणतात. ब्रह्माद्री, पुष्पाद्री, हर्षिणाचल आणि हरिहर अशा चार टेकड्या, त्यांच्या कुशीत काळभैरव आणि हरिहरेश्वर ही देवळं, आणि टेकडीच्या तिन्ही अंगांना पाणी. या देवळाची प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवती संपत नाही. ती अख्ख्या टेकडीला घालायची असते. देवळाच्या मागून पायऱ्या चढून वर जायचं, माथ्यावरून समुद्र पाहायचा, मग दोन उभ्या खडकांच्या मधल्या अरुंद खिंडीतून पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या पातळीवर यायचं आणि कड्याच्या पायथ्याने, खडकांवरून चालत पुन्हा देवळाकडे यायचं. सगळं मिळून पाऊण तासाची वाट. पण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इतक्या थोड्या चालण्यात इतकं दाखवणारी दुसरी वाट माझ्या तरी माहितीत नाही.

या वाटेची एक अट आहे. तिचा खालचा अर्धा भाग ओहोटीपुरताच माणसांचा असतो. भरती आली की तो समुद्राचा. तिथे धोक्याचे फलक आहेत. लाटेनं माणसं ओढून नेल्याच्या बातम्या या जागेवरून अनेकदा आल्या आहेत. हे सगळं आम्ही वाचलं होतं, आणि तरीही जे घडायचं ते घडलं. ते पुढे सांगतो.

आधी त्या पहिल्या संध्याकाळविषयी. ज्या ठिकाणी उतरलो तिथल्या मुलानं माझं ओळखपत्र घेतलं, नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि भाच्याचंही ओळखपत्र मागितलं. मग आत जाऊन कुणालातरी फोन केला. दहा मिनिटं आम्ही बाकावर बसून होतो. भाच्याचा चेहरा उतरला. मी त्याला म्हटलं, थांब जरा, हा किनारा काय काय पाहून बसलाय ते समजून घे. १९९३ साली मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले, त्यांची काही स्फोटकं याच तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली होती. आणि १८ ऑगस्ट २०२२ रोजी याच हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या. राज्यभर धावपळ झाली. शेवटी निघालं काय, तर बोट एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची होती. मस्कतच्या बाजूला समुद्रात इंजिन बंद पडलं, माणसांना वाचवण्यात आलं आणि रिकामी बोट वाहत वाहत इथवर आली. बोटीला जातधर्म नसतो. पण बातमी पसरते तेव्हा आधी माणसांकडेच पाहिलं जातं. मुलगा बाहेर आला, किल्ली दिली आणि म्हणाला, “काका, गरम पाणी सकाळी सहाला मिळेल.” विषय संपला. मी रागावलो नाही. रागावलो नाही हे खरं असलं, तरी ती दहा मिनिटं मी विसरलोही नाही, हेही खरंच.

खरं तर या मुलुखाचा इतिहासच असा गुंतागुंतीचा आहे, की कोण घरचं आणि कोण बाहेरचं हे ठरवायला बसलं तर संध्याकाळ पुरायची नाही. १९४८ पर्यंत श्रीवर्धन तालुका जंजिरा संस्थानात होता, आणि जंजिऱ्याचे नवाब सिद्दी, म्हणजे मूळचे आफ्रिकेतून आलेले. ‘जंजिरा’ हा शब्दच अरबी ‘जझीरा’वरून, म्हणजे बेटावरून आला. संस्थान विलीन झालं, तालुका कुलाबा जिल्ह्यात गेला आणि १९८१ साली कुलाब्याचा रायगड झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले. तेही इकडचेच, सावित्रीकाठच्या आंबेतचे.

आणि याच श्रीवर्धनचे देशमुख होते भट घराणं, ज्यांचं कुलदैवत हा हरिहरेश्वर. त्या घराण्यातला बाळाजी विश्वनाथ. सिद्दीशी बिनसलं, कान्होजी आंग्र्यांशी संधान असल्याचा संशय आला, तेव्हा त्याला गाव सोडावं लागलं. परंपरा सांगते की तो खाडी ओलांडून समोरच्या वेळासला गेला, आणि तिथलं भानू कुटुंब त्याच्यासोबत घाटावर निघालं. पुढे याच भानूंमध्ये नाना फडणवीस झाले. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ पेशवा झाला. दुसऱ्याच वर्षी त्यानं कान्होजी आंग्र्यांना लढाई न करता, बोलण्यानं छत्रपती शाहूंच्या बाजूला वळवलं. माझ्या मते सगळ्या पेशवाईतला हा सर्वांत शहाणपणाचा व्यवहार. समुद्रकाठी वाढलेल्या माणसाला समुद्र सांभाळणाऱ्याची किंमत ठाऊक होती.

प्रदक्षिणेच्या वाटेवर टेकडीच्या माथ्यावर उभं राहिलं की डाव्या हाताला सावित्रीचं मुख दिसतं आणि पलीकडे बाणकोट-वेळासचा किनारा. बाळाजी विश्वनाथाने गाव सोडलं ते याच पाण्यावरून. पण त्या पलीकडच्या किनाऱ्यानं आणखी एक गोष्ट पाहिली आहे. बाळाजीचा नातू नानासाहेब पेशवा. त्यानं कान्होजीच्याच मुलाला, तुळाजी आंग्र्याला बुडवण्यासाठी इंग्रजांची मदत घेतली. १७५५ साली इंग्रजी आरमारानं सुवर्णदुर्ग घेतला, १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला, मराठी आरमाराची जहाजं बंदरातच जळाली. आणि या व्यवहारात बाणकोट इंग्रजांच्या पदरात पडला. त्यांनी त्या किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. म्हणजे पेशव्यांच्या कुलदैवताच्या टेकडीवरून समोर पाहिलं की इंग्रजांचं निशाण दिसावं, ही सोय पेशव्यांनी स्वतःच करून घेतली. घरातली भांडणं मिटवायला बाहेरचा माणूस आत घेतला की तो मिटवून परत जात नाही. आपल्याकडे वावराच्या धुऱ्यावरून भांडणारे दोन भाऊही हे जाणतात. पुण्याला ते कळलं नाही.

आता मी तुम्हाला एकदम तिथून आपल्या जिल्ह्यात आणतो. माझं आजोळ पांढरकवडा. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथं गेल्या. पण शेवटच्या बाजीरावाची फौज त्या परिसरात मोडली, हे मला ना शाळेत कुणी सांगितलं ना आजोळी. २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. त्यानंतर दुसरा बाजीराव पळत राहिला. नागपूरचे आप्पासाहेब भोसले येऊन मिळतील, चांद्याचा किल्ला आसरा देईल, या आशेनं तो पूर्वेकडे वळला. एप्रिलमध्ये पांढरकवड्याच्या भागात कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेनं त्याला गाठलं आणि उरलंसुरलं सैन्य विखुरलं. तो वायव्येला निसटला, आणि जूनमध्ये असीरगडाजवळ सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांचं पेन्शन आणि कानपूरजवळ बिठूरला मुक्काम. तिथेच तो १८५१ साली वारला.

जे घराणं सावित्रीच्या मुखापासून निघालं, त्याची शेवटची दौड आमच्या कापसाच्या वावरातून झाली. एप्रिल महिना, म्हणजे काय ऊन असेल! फौजेतल्या कोकणी माणसांनी त्या उन्हात समुद्राची आठवण काढली असेल का, असं माझ्या मनात आलं. इतिहासाच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसतं. कवीला असे प्रश्न पडतात, त्याला इलाज नाही.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघायचं ठरवून आम्ही उशिरा उठलो. संमेलनाचं जागरण अंगात होतं. चहा-पोहे होईपर्यंत साडेबारा वाजले. देवळाच्या बाहेर कोकम सरबत विकणाऱ्या एक आजी बसल्या होत्या. “कुठून आलात?” “यवतमाळहून.” “तो कुठं आला?” “नागपूरच्या अलीकडे.” “मग लांबून आलात. प्रदक्षिणेला निघालात काय? आज षष्ठी. पाणी चढतंय. आता नको जाऊ, उद्या सकाळी जावा.” भाचा माझ्याकडे पाहून हसला. षष्ठीचा आणि पाण्याचा काय संबंध! आणि उद्या सकाळी आमची परतीची गाडी होती. आम्ही पायऱ्या चढू लागलो.

वरून दिसणारं दृश्य मी वर्णन करत नाही. तिथे सगळेच फोटो काढतात. मला जास्त ओढ होती ती खालच्या खडकांची, आणि त्याचं कारण आमच्या घरात आहे.

माझे अब्बा वणीजवळच्या राजूरला चुनाभट्टीवर मुनीम होते. राजूरच्या चुनखडीच्या खाणी आणि भट्ट्या आमच्या भागात प्रसिद्ध. खाणीतून दगड यायचा, भट्टीत कोळशासोबत भाजला जायचा, कळीचा चुना निघायचा. अब्बा वजनं लिहायचे, मजुरांचा पगार मांडायचे. पण मुनीम झाला म्हणून चुना काही सोडत नाही. त्यांच्या बोटांना बारा महिने भेगा असायच्या. रात्री अम्मी खोबरेल तेल गरम करून त्यांच्या हातांना लावायची. आम्ही मुलं सुट्टीच्या दिवशी भट्टीवर जायचो ते चुना विरवताना पाहायला. हौदात पाणी असायचं, त्यात कळी टाकली की पाणी खदखदून वर यायचं, पांढरा फेस कडेपर्यंत चढायचा. “पीछे हटो,” अब्बा ओरडायचे. आम्हाला मजा वाटायची.

अब्बांनी समुद्र कधी पाहिला नाही. १९९८ साली ते गेले. त्यानंतर कधीतरी मी वाचलं, की ज्याला भूगर्भाचे जाणकार पैनगंगा समूहाचा चुनखडक म्हणतात, जो वणी, मुकुटबन, चंद्रपूर, आदिलाबाद या पट्ट्यात सापडतो, तो समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे. शंभर कोटी वर्षांहूनही जुना. तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, पाण्यात मासा नव्हता. फक्त डोळ्यांना न दिसणारे जीव आणि शेवाळासारखे थर. आमच्या वणीत समुद्र होता! आणि ज्या माणसानं कधी किनाऱ्यावर पाय ठेवला नाही, तो तीस वर्षं समुद्राचा तळ वजन करून लिहीत होता. वणी भागातल्या जुन्या घरांच्या भिंतींना जो चुना लागला आहे, तोही तोच. हे अब्बांना सांगायला हवं होतं असं तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं. ते हसले असते, एवढं नक्की.

त्या समुद्राच्या पुष्कळ नंतर, सुमारे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी, तिथे नद्या आणि दलदल होती. त्या झाडोऱ्याचा वणीचा कोळसा झाला. आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सगळ्यांच्या वर काळा दगड आला. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर बसत गेले. आज दख्खनच्या पठारावर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा काळा पाषाण पसरला आहे. पश्चिमेला सह्याद्रीत त्याची जाडी हजार मीटरहून जास्त. पूर्वेकडे तो पातळ होत येतो, आणि आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागात तर त्याची किनारच लागते. म्हणूनच वणीच्या आसपास एका दिवसाच्या फेरफटक्यात चुनखडक, कोळसा आणि काळा दगड असं तिन्ही पाहता येतं. लाव्हाचे काही लोट तर नदीखोऱ्यांच्या वाटेनं पार राजमहेंद्रीपर्यंत गेले असं जाणकार सांगतात.

२०२१ साली वणी-पांढरकवडा भागात शिबला-पार्डीजवळ रस्त्याचं काम चालू असताना मातीखालून दगडी खांब निघाले. सहा बाजूंचे, एकाला एक चिकटून, जणू कारागिरानं घडवलेले. लोकांना वाटलं, जुनं देऊळ नाहीतर राजवाडा सापडला. चंद्रपूरचे भूशास्त्राचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी पाहून सांगितलं की हे माणसाचं काम नाही, लाव्हाचं आहे. जाड थर सावकाश थंड होताना आकसतो, आकसताना त्याला भेगा पडतात, आणि त्या भेगा खोल जात जात खांब सुटे करतात. मे महिन्यात आपल्या काळ्या वावराला ज्या भेगा पडतात त्यांची आकृती आठवा. तीच रीत, फक्त इथे दगडात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल अशाच खांबांची आहे. मी शिबल्याचे खांब पाहून आलो होतो. त्याच दगडाचं दुसरं टोक समुद्रात कसं उतरतं ते मला पाहायचं होतं.

खिंडीतून उतरताना दोन्ही भिंतींना हात लागतो. दगड ओलसर, गार. खाली आलो आणि समोर एकदम उजेड. उजव्या हाताला कडा, डाव्या हाताला समुद्र, मध्ये खडकाची एक सपाट ओटी. ही ओटी समुद्रानंच कोरलेली आहे. लाटा वाळू-गोटे घेऊन कड्याच्या पायावर आदळतात, पाया आत खातात, खोबण तयार होते. वरचा दगड आधाराविना राहतो आणि एक दिवस कोसळतो. कडा मागे सरकतो आणि पायथ्याशी सपाट खडक उरतो. म्हणजे आपण ज्या वाटेवरून चालतो ती पूर्वी टेकडीच होती. देवाची प्रदक्षिणा घालणारे शेकडो वर्षांपूर्वी जिथून चालले, तिथून आज आपण चालत असूच असं नाही. वाटही मागे मागे येत असणार.

आणि कड्याचा तो चेहरा! वरून तांबूस-तपकिरी, आणि त्यात हजारो भोकं. मधमाश्यांचं पोळं उलगडून ठेवावं तसं. काही भोकं बोट जाईल एवढी, काहींत मूठ जावी, काहींत घागर ठेवता येईल. ही लाटेनं केलेली नाहीत. हे मिठाचं काम. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, उन्हानं पाणी उडून जातं, मीठ उरतं. मिठाचा खडा वाढतो आणि दगडाचा कण ढकलून पाडतो. जिथे खड्डा झाला तिथे ओल टिकते, ओल टिकली की मीठ आणखी साचतं, खड्डा आणखी खोल जातो. दोन खड्ड्यांमधली भिंत मात्र उभी राहते. बघता बघता दगडाची जाळी होते. भाचा म्हणाला, “मामू, हे तर जाळीच्या खिडकीसारखं आहे.” बिजापूरला नाहीतर औरंगाबादला दगडी जाळ्या पाहिल्या आहेत मी. त्या कारागिरांनी बहुतेक असले कडे पाहिले नसतील. तरीही पोराचं म्हणणं मला आवडलं.

मी जाळीत हात घालून पाहत होतो. भाचा दहा पावलं पुढे, समुद्राकडे पाठ करून, मोबाइल हातात धरून स्वतःचा फोटो काढत होता. तेवढ्यात पाणी आलं. मोठी लाट वगैरे काही नव्हती. उधाणाचा दिवसही नव्हता. खडकाच्या खालच्या घळीतून पाणी आत शिरलं आणि एकदम खदखदून वर आलं. पांढरा फेस ओटीवर चढला. मला तो हौद दिसला. मी ओरडलो, “पीछे हट!” घरात मराठी आणि दख्खनी दोन्ही बोलतो आम्ही. पण त्या क्षणी जे तोंडातून निघालं ते अब्बांचं होतं.

पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं आणि परत जाताना त्यानं त्याचे पाय ओढले. तो बसला, दोन हातांनी खडकाची एक जाळी धरली आणि तसाच राहिला. चप्पल गेली, मोबाइल गेला. मी त्याची कॉलर पकडली तेव्हा पुढचं पाणी घोट्यापर्यंत होतं. पुढची वाट बंद झाली होती. आम्ही आल्या वाटेनं खिंडीत मागे आलो आणि पायऱ्यांवर बसलो. पोरगा थरथरत होता. सोळाशे मीटर ठरलेल्या वेळेत धावणारा मुलगा. त्याच्या तळहातांना दगडाच्या कडांनी चिरा पडल्या होत्या, आणि मिठाच्या पाण्यानं त्या झोंबत होत्या.

वर एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांनी आमचे कपडे पाहिले आणि काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “पाण्याकडे पाठ करायची नसते, बाळा.”

खाली त्या आजींनी दोन पेले सरबत दिलं आणि पैसे घ्यायला नको म्हणाल्या. मग मी त्यांनाच विचारलं, षष्ठीचं काय म्हणत होतात? त्यांनी जे सांगितलं ते कोकणात पोराटोरांना ठाऊक असतं. मी ते वयाच्या पन्नाशीनंतर शिकलो. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. षष्ठी म्हणजे सहा. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, साडेदहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, एकादशीला सव्वाआठला. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं, आणि रोज पाऊण तास उशिरा. अमावस्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती. अष्टमीच्या आसपास ओढ विभागली जाते, तेव्हा भांगाची. वेळ थोडी इकडे तिकडे होते, पण जीव वाचवायला एवढं गणित पुरतं. आम्ही दीड वाजता खाली होतो. म्हणजे पाणी निम्मं चढलेलं होतं. आमच्याकडे घड्याळ होतं, पण तिथीचा हिशेब नव्हता.

मी बसल्या बसल्या आमचं कॅलेंडर त्या हिशेबाला लावून पाहिलं. आमचे महिनेही चंद्राचेच. ईदचा चांद दिसतो तो साधारण द्वितीयेचा, म्हणजे भरती दीडच्या सुमाराला. शब-ए-बरात पंधरावी रात्र, पौर्णिमेच्या आसपासची, म्हणजे उधाण. या किनाऱ्यावर दालदी मुसलमान कोळी आहेत, हिंदू कोळी आहेत. दोघांची होडी एकाच चंद्राकडे पाहून सुटते. पंचांग पाहा नाहीतर हिजरी तारीख पाहा, पाण्याला फरक पडत नाही.

शब्दांचा नाद असल्यामुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली. समुद्राचे आपले कितीतरी शब्द बाहेरून, जहाजांसोबत आले. दर्या, बंदर, जहाज, किनारा, तुफान, खलाशी हे अरबी-फारसीतून आलेले. पण भरती, ओहोटी, उधाण, भांग हे शब्द इथलेच. जहाजं येण्याआधीही इथली माणसं रोज खडकावर कालवं काढायला जात असणार, आणि कधी परत फिरायचं हे त्यांना ठाऊक असणार.

संध्याकाळी किल्ली देणारा तो मुलगा खोलीच्या दाराशी आला. आमची हकिगत त्याच्यापर्यंत पोचली होती. त्यानं भाच्यासाठी आपली एक जुनी चप्पल आणली होती आणि कागदाच्या चिठ्ठीवर दुसऱ्या दिवसाच्या ओहोटीची वेळ लिहून आणली होती : सव्वाअकरा. “काका, अर्धी प्रदक्षिणा ठेवू नका, पुरी करा,” तो म्हणाला. मी त्याला आमच्याकडचं काही द्यावं म्हणून पिशवीत हात घातला, तर संमेलनात मिळालेला नारळ निघाला. कोकणातल्या माणसाला नारळ! दोघेही हसलो. त्यानं श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची गोष्ट सांगितली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्याच्या घरची सुपारीची बाग आडवी झाली होती. नवीन लावलेली झाडं फळायला वर्षं लागतात. तोपर्यंत तो इथे किल्ल्या देणार.

आम्ही परतीची गाडी सोडून दिली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला पुन्हा खिंड उतरलो. त्याच ओटीवर, काल जिथे फेस चढला होता तिथे, दोन लहान मुलं खेकडे शोधत होती. खडकांतल्या डबक्यांत आभाळ दिसत होतं. पूर्ण वाट चाललो. भाचा समुद्राकडे तोंड करून, आडवा आडवा चालत होता. मोबाइल नसल्यामुळे फोटो एकही नाही. अर्ध्या वाटेवर मी थांबून कड्याला तळहात टेकवला. उन्हानं तापलेला, खरखरीत, मिठानं भेगाळलेला दगड. असा स्पर्श मला ओळखीचा होता.

भाच्याची पोलीस भरती अजून व्हायची आहे. गेल्या वर्षी त्यानं आमच्या जिल्ह्यातून अर्ज न करता रायगडातून केला. लेखी परीक्षेत थोडक्यात राहिला. पुन्हा करतो म्हणतो. परवा त्याचा फोन आला होता, मैदानावरून, धाप लागलेली. “मामू, आज काय तिथी?” मी म्हटलं, दशमी. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “साडेसात.”